भावपत्रकातील सलग ओळी जावास्क्रिप्टने नेमक्या कशा निवडाव्यात?

सुक्या मेव्याचा घाऊक व्यापार करणारी एक पेढी आमच्या परिचयाची आहे. तिने काही काळापूर्वी छापील भावपत्रक बंद केले आणि रोजचे भाव इंटरनेटवरील आपल्या पानावर द्यायला सुरुवात केली. पान पेढीच्या मालकांच्या पुतण्यानेच तयार केले होते. प्रत्येक मालाच्या नावाशेजारी एक बटण होते. बटण दाबून टक्केवारी भरली की त्या मालाचे सर्व भाव तितक्या टक्क्यांनी कमी किंवा जास्त होत.

एका संध्याकाळी मालकांनी खजुराचा भाव १० टक्क्यांनी उतरवला. पानावर वरच्या तीन ओळी बदललेल्या दिसल्या आणि ते निश्चिंतपणे घरी गेले. सकाळी पाहतात तो बदाम आणि अंजीर यांच्या मागण्या नेहमीपेक्षा जास्त आलेल्या. खजुराच्या खाली लिहिलेल्या प्रत्येक मालाचा भाव १० टक्क्यांनी उतरला होता. समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. ९०० रुपयांचा बदाम ८१० ला आणि १२०० रुपयांचे अंजीर १०८० ला दिसत होते. ६० किलो बदाम आणि ४० किलो अंजीर यांची मागणी आली असेल, तर ५,४०० अधिक ४,८०० म्हणजे १०,२०० रुपयांचा फटका एका रात्रीत बसला.

पुतण्या म्हणाला, "चाचा, गिऱ्हाइकांना कळवून टाकू की कॉम्प्युटरची चूक होती."

मालक म्हणाले, "पानावर नाव पेढीचे आहे, कॉम्प्युटरचे नाही. माल लिहिलेल्या भावानेच जाईल."

माल गेला. पुतण्या आमच्याकडे आला तो पैसे बुडाल्यापेक्षा शरमेने जास्त खचलेला होता. त्याचा कार्यक्रम आम्ही तपासला तेव्हा चूक फक्त एका चिन्हाची निघाली. ही चूक अनेक जण करतात. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आज दुकानांची, कारखान्यांची आणि शाळांची पाने तयार करून चार पैसे कमावत आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा विषय आम्ही मुळापासून मांडत आहोत. यातील इंग्रजी नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टाइप करावी लागतात, हे ध्यानात असू द्यावे.

पानाचे कुटुंब

इंटरनेटवरील पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिले जाते. प्रत्येक मजकुराभोवती खूण असते आणि एका खुणेच्या पोटात दुसऱ्या खुणा असतात. या प्रत्येक घटकाला एलिमेंट म्हणतात. ब्राउझर पान वाचतो तेव्हा या घटकांचे एक झाड किंवा वंशावळ तयार करतो. तिला डॉम असे म्हणतात. या वंशावळीचे पहिले सर्वमान्य प्रमाण १९९८ साली ठरले. जावास्क्रिप्ट ही भाषा त्याआधीची. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत केला होता.

वंशावळीत नाती असतात. ज्याच्या पोटात दुसरे घटक आहेत तो पालक आणि पोटातले घटक ही त्याची मुले. एकाच पालकाची मुले एकमेकांची भावंडे होत. इंग्रजीत त्यांना सिब्लिंग म्हणतात. भावंडांना ठराविक क्रम असतो. पानात जो आधी लिहिला तो आधी, जो मागून लिहिला तो मागून.

आता आपले भावपत्रक पाहू. अशा यादीसाठी एचटीएमएलमध्ये अगदी सुरुवातीपासून एक सोय आहे. संपूर्ण यादीला डीएल, नावाच्या ओळीला डीटी आणि नावाखालच्या माहितीच्या ओळीला डीडी अशा खुणा आहेत. पेढीचे पान असे होते:

डीटी: खजूर
डीडी: अर्धा किलो
डीडी: एक किलो
डीडी: पाच किलोची पेटी
डीटी: बदाम
डीडी: पाव किलो
डीडी: एक किलो
डीटी: अंजीर
डीडी: अर्धा किलो
डीडी: एक किलो

सगळा घोटाळा समजण्याची किल्ली या मांडणीत आहे. डोळ्यांना असे दिसते की तीन भाव खजुराच्या "पोटात" आहेत. वंशावळीत तसे नाही. खजूर, त्याचे तीन भाव, बदाम, बदामाचे भाव, अंजीर आणि अंजिराचे भाव ही सर्व दहाच्या दहा एकाच डीएलची मुले आहेत, म्हणजे एकमेकांची सख्खी भावंडे आहेत. कोणता भाव कोणत्या मालाचा हे फक्त रांगेतील जागेवरून कळते. म्हणून आपले काम असे ठरते: खजुराच्या नावानंतर लगेच येणारे, एकामागून एक असलेले, एकाच जातीचे घटक निवडायचे आणि जात बदलताच थांबायचे.

खतावणी आणि रोजमेळ

वही लिहिणाऱ्याला हा फरक चटकन कळेल. रोजमेळात व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने लिहिले जातात. खतावणीत एका असामीचे सारे व्यवहार, मग ते कोणत्याही दिवसाचे असोत, एका पानावर गोळा होतात. दोन्ही वह्या खऱ्या, पण त्यांना विचारायचे प्रश्न निराळे.

जावास्क्रिप्टमधील निवड करणारे बहुतेक हुकूम खतावणीच्या स्वभावाचे आहेत. क्वेरी सिलेक्टर ऑल या हुकुमाला "डीडी" सांगितले की तो पानावरचे सगळे डीडी गोळा करून आणतो. मधे किती नावे आली, रांग कुठे तुटली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आपला प्रश्न मात्र रोजमेळाचा आहे. येथे क्रम आणि सलगपणा हाच अर्थ आहे.

एका चिन्हाचा फरक

निवड करताना दोन घटकांमधील नाते चिन्हाने सांगता येते. भावंडांसाठी अशी दोन चिन्हे आहेत.

पहिले अधिक चिन्ह (+). "खजूर + डीडी" याचा अर्थ खजुराच्या अगदी शेजारचा पुढचा घटक, आणि तोही डीडी असेल तरच. यातून अर्ध्या किलोची एकच ओळ मिळते. दुसरी आणि तिसरी मिळत नाही.

दुसरे लहरी चिन्ह (~). "खजूर ~ डीडी" याचा अर्थ खजुरानंतर येणारी, त्याच पालकाची, सगळी डीडी भावंडे. शेजारी असोत वा दूर, मधे दुसरी नावे आलेली असोत वा नसोत. यातून खजुराच्या तीन ओळी मिळतातच, शिवाय बदामाच्या दोन आणि अंजिराच्या दोन अशा एकूण सात ओळी मिळतात.

पुतण्याने हेच लहरी चिन्ह वापरले होते. त्याने चाचणी घेतली ती यादीतील शेवटच्या मालावर, म्हणजे अंजिरावर. अंजिरानंतर दुसरे काही नव्हतेच, त्यामुळे उत्तर बरोबर आले. चूक झाकून राहिली आणि नेमकी मालकांच्या हातून बाहेर आली.

काही जण यावर जोडकामाचा उपाय करतात. "खजूर + डीडी", "खजूर + डीडी + डीडी" आणि "खजूर + डीडी + डीडी + डीडी" अशा तीन निवडी स्वल्पविरामाने जोडून देतात. हा उपाय चुकीचा नाही. तीन भावांपर्यंत तो अचूक चालतो आणि भाव दोनच असतील तरी तिसरी निवड रिकामी राहून नुकसान करीत नाही. परंतु उद्या कोणी दहा किलोच्या पोत्याचा चौथा भाव लिहिला, की तो गुपचूप वगळला जाईल आणि कोणतीही सूचना मिळणार नाही. धंद्यात आरडाओरड करणाऱ्या चुकीपेक्षा गप्प बसणारी चूक महाग पडते.

आणखी एक गैरसमज एनटीएच ऑफ टाइप या निवडीबद्दल आहे. नावात "टाइप" असल्यामुळे ती सलग गट ओळखते असे वाटते. तसे नाही. ती एका पालकाच्या पोटातील एका जातीची भावंडे मोजते आणि मधल्या इतर जातींना सोडून देते. तिच्या हिशोबाने बदामाची पहिली ओळ ही चौथी डीडी आहे. मधे बदामाचे नाव येऊन रांग तुटली, हे तिला माहीतच नसते.

एक एक पाऊल चालणे

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे रांगेतून स्वतः चालत जाणे. त्यासाठी प्रत्येक घटकाजवळ नेक्स्ट एलिमेंट सिब्लिंग नावाचा एक गुण असतो. तो पुढच्या भावंडाचा पत्ता देतो. पुढे कोणीच नसेल तर नल, म्हणजे "काही नाही", असे उत्तर देतो. हे नाव टाइप करताना तिन्ही शब्द जोडून लिहावेत. पहिला शब्द लहान अक्षराने आणि पुढचे दोन मोठ्या अक्षराने सुरू करावेत.

कार्यक्रमाच्या पायऱ्या अशा:

१. गोळा करण्यासाठी एक रिकामी यादी घ्यावी.
२. "चालू ओळ" म्हणून खजुराच्या नावाचे पुढचे भावंड घ्यावे.
३. चालू ओळ अस्तित्वात आहे काय आणि ती डीडी आहे काय, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. दोन्हींचे उत्तर होय असेल तोवर पुढील दोन कामे पुन्हा पुन्हा करावीत. हे व्हाइल या शब्दाने होते.
४. चालू ओळ यादीत टाकावी.
५. चालू ओळीचे पुढचे भावंड हीच आता चालू ओळ करावी.
६. एखादे उत्तर नाही आले की थांबून यादी परत द्यावी.

खजुरापासून चालून पाहू. पुढे अर्धा किलो, डीडी आहे, घेतली. पुढे एक किलो, घेतली. पुढे पेटी, घेतली. पुढे बदाम. ही डीटी आहे, म्हणून थांबलो. यादीत तीन ओळी. अंजिरापासून चाललो तर दोन ओळी घेतल्यावर पुढे कोणीच नाही, नल आले, थांबलो. यादीत दोन ओळी. एखाद्या मालाचा भाव अजून लिहिलाच नसेल तर पहिल्याच पावलाला डीटी किंवा नल येईल आणि यादी रिकामी राहील. हेही बरोबरच.

तिसऱ्या पायरीतील प्रश्नांचा क्रम फार महत्त्वाचा. आधी "आहे काय" आणि मगच "डीडी आहे काय". क्रम उलटा केला तर यादीच्या शेवटी जो अस्तित्वातच नाही त्याला जात विचारली जाईल आणि कार्यक्रम तिथेच बंद पडेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही आले तर जावास्क्रिप्ट दुसरा प्रश्न विचारतच नाही. या सवयीचा येथे आपण फायदा घेतो.

तीन खड्डे

या सरळ वाटेवरही तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा मिळत्याजुळत्या नावाचा. नेक्स्ट सिब्लिंग असा एक दुसरा गुण आहे. त्यात "एलिमेंट" हा शब्द नाही आणि सारा फरक तेवढ्यातच आहे. पान लिहिताना आपण एका ओळीनंतर दुसरी ओळ नव्या रेघेवर लिहितो. ती मोकळी जागासुद्धा वंशावळीत मजकुराचा एक तुकडा म्हणून नोंदली जाते. टीपा लिहिल्या असतील तर त्यांचीही नोंद होते. नेक्स्ट सिब्लिंग या सगळ्यांवर थांबतो. त्यामुळे खजुरानंतरचे पहिले भावंड म्हणून भाव न मिळता मोकळी जागा हाती येते. नेक्स्ट सिब्लिंग १९९८ च्या प्रमाणातच होता. नेक्स्ट एलिमेंट सिब्लिंग मात्र २००८ साली प्रमाण म्हणून मान्य झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकांतून शिकलेले लोक अजून पहिलाच वापरतात. पूर्वी ते मोकळ्या जागा स्वतः गाळत असत. आता तो खटाटोप नको.

दुसरा खड्डा अक्षरांचा. घटकाची जात टॅगनेम या गुणावरूनही कळते. पण एचटीएमएलच्या पानात हे नाव नेहमी मोठ्या अक्षरांत मिळते, मग पानात तुम्ही ते लहान लिहिलेले का असेना. लहान अक्षरांतील "डीडी" शी त्याची तुलना केली तर उत्तर कायम नाहीच येईल, यादी रिकामी राहील आणि कार्यक्रम कुरकुरही करणार नाही. म्हणून मॅचेस हा हुकूम वापरावा. "तू या निवडीत बसतोस काय?" असे तो घटकालाच विचारतो. अक्षरांचा घोळ राहत नाही आणि पुढे "डीडी, पण फक्त घाऊक वर्गाची" अशी बारीक अटही त्यालाच सांगता येते.

तिसरा खड्डा चालता चालता सामान हलवण्याचा. समजा, खजुराच्या तीनही ओळी उचलून एका वेगळ्या चौकटीत ठेवायच्या आहेत. पहिली ओळ उचलून चौकटीत ठेवली आणि मग तिला विचारले, "तुझे पुढचे भावंड कोण?" ती आता नव्या घरात आहे, तिथे ती एकटीच आहे. उत्तर येते नल, आणि काम एका ओळीवर थांबते. उपाय साधा आहे. आधी सगळी यादी गोळा करावी, मग हलवाहलव करावी. वर दिलेल्या पायऱ्यांत आम्ही फक्त गोळा केले, बदल काहीच केला नाही, त्याचे कारण हेच. वखारीत मोजणी चालू असताना पोती हलवू नयेत, हा नियम कोणत्याही मुनीमजींना विचारावा.

रांगेच्या मधून सुरुवात

कधी कधी नाव हाती नसते. गिऱ्हाइकाने "एक किलो" या मधल्या ओळीवर बोट ठेवले आणि त्या मालाच्या साऱ्या ओळी ठळक करायच्या आहेत. अशा वेळी आधी मागे चालावे. प्रीव्हियस एलिमेंट सिब्लिंग हा गुण मागच्या भावंडाचा पत्ता देतो. मागचे भावंड डीडी आहे तोवर मागे सरकत जावे. मागे डीटी आली किंवा कोणीच उरले नाही की आपण सलग गटाच्या पहिल्या ओळीवर उभे आहोत. तेथून वरच्याच पायऱ्यांनी पुढे चालावे. फरक एवढाच की या वेळी पहिली ओळ स्वतःसुद्धा यादीत घ्यायची आहे. ती विसरणे ही अगदी नेहमीची चूक.

संपूर्ण यादीचे गट

पूर्ण भावपत्रकाचे गट एकाच फेरीत पाडायचे असतील तर डीएलची सगळी मुले चिल्ड्रेन या गुणातून घ्यावीत. हा संच जिवंत असतो. पानातून एक ओळ निघाली की संचातूनही निघते आणि मोजणी सरकते. म्हणून अॅरे फ्रॉम या हुकुमाने त्याची पक्की नक्कल करून घ्यावी आणि नकलेवरून चालावे.

चालताना "मागची जात" आणि "चालू गट" या दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. समोर आलेल्या घटकाची जात मागच्यासारखीच असेल तर त्याला चालू गटात टाकावे. निराळी असेल तर नवा गट उघडून त्यात टाकावे. आपल्या यादीतून असे सहा गट पडतील: एक नाव, तीन भाव, एक नाव, दोन भाव, एक नाव, दोन भाव. दोन नावे लागोपाठ आली, तर ती दोन्ही एकाच गटात बसतील. डीएलमध्ये हे चालते, कारण एकाच मालाला दोन नावे असू शकतात. आपल्या पत्रकात मात्र त्याचा अर्थ बहुधा "पहिल्या मालाचा भाव लिहायचा राहिला" असा असतो. म्हणून गट पाडल्यावर एकापेक्षा जास्त नावांचा गट दिसला की सूचना द्यावी.

"सलग" की "पुढच्या नावापर्यंत"?

कार्यक्रम लिहिण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. जेक्वेरी हे २००६ पासूनचे प्रसिद्ध साधन पुष्कळ जण वापरतात. त्यात २०१० साली नेक्स्ट अंटिल हा हुकूम आला. त्याला "डीटी" सांगितले की तो पुढची डीटी येईपर्यंतची सगळी भावंडे देतो. काम एका ओळीत होते. परंतु मधे दुसऱ्या जातीचा घटक आला तर तो त्यालाही उचलतो. आपल्या पायऱ्या मात्र अशा घटकापाशीच थांबतात. शुद्ध भावपत्रकात दोन्हींचे उत्तर एकच येते. पण लांबलचक लेखात, जिथे मथळ्याखाली परिच्छेद, मग चित्र, मग पुन्हा परिच्छेद असतात, तिथे उत्तरे निराळी येतात. मथळ्याखालचे सर्व काही हवे असेल तर पुढच्या मथळ्यापर्यंत चालावे. चित्रापूर्वीचे लागोपाठचे परिच्छेद हवे असतील तर जात बदलताच थांबावे. प्रश्न नीट ठरवला नाही तर अचूक हुकूमसुद्धा चुकीचे उत्तर देतो.

आता चालण्याशिवायही एक मार्ग झाला आहे. नॉट या निवडीच्या कंसात पूर्वी फक्त साधी अट लिहिता येत असे. २०२१ पासून मुख्य ब्राउझरांत त्यात नात्यांसह पूर्ण अट लिहिता येते. म्हणून असे म्हणता येते: "खजूर ~ डीडी", वजा "खजूर ~ डीटी ~ डीडी". म्हणजे खजुरानंतरचे सगळे भाव घ्या आणि त्यातून खजुरानंतर दुसरे नाव येऊन गेल्यावरचे भाव वगळा. आपल्या यादीत सातातून चार वजा होऊन नेमके तीन उरतात. हा उपाय क्वेरी सिलेक्टर ऑलमध्येही चालतो आणि केवळ रंग द्यायचा असेल तर जावास्क्रिप्टशिवायही चालतो. तथापि नवशिक्याने आधी चालण्याची रीत शिकावी, असे आमचे मत आहे. ती वाचताना कळते, आणि कुठे थांबली तेही दाखवता येते.

मांडणी सुधारली तर?

खरे म्हटले तर दुखणे मांडणीचे आहे. दहा भावंडांना एका रांगेत उभे करून नाती अंदाजाने ओळखण्यापेक्षा प्रत्येक मालाला त्याचे स्वतंत्र घर द्यावे. डीएलच्या पोटात डिव्ह नावाची चौकट घालून तिच्यात एक नाव आणि त्याचे भाव ठेवण्यास एचटीएमएलच्या ५.२ या २०१७ सालच्या आवृत्तीत परवानगी मिळाली. असे केले की खजुराचे भाव म्हणजे खजुराच्या चौकटीतील डीडी. रांगेतून चालायलाच नको आणि तेच लहरी चिन्हसुद्धा निरुपद्रवी होते, कारण ते पालकाच्या बाहेर जात नाही.

मग एवढा खटाटोप शिकायचा कशाला? कारण पान नेहमी आपले नसते. जुनी पाने, दुसऱ्याने केलेली पाने, तयार साच्यातून निघालेली पाने अशीच सपाट रांगेची असतात. ज्याला नोकरी किंवा काम मिळवायचे आहे त्याच्या वाट्याला पहिल्या दिवशी तीच येतात.

पाच चाचण्या

पुतण्याला आम्ही कागदावर पाच चाचण्या लिहून दिल्या. त्या कोणालाही उपयोगी पडतील.

१. यादीतील पहिला माल घेऊन पाहावा. पुढचे माल त्यात ओढले जात नाहीत ना?
२. शेवटचा माल घेऊन पाहावा. यादी संपल्यावर कार्यक्रम बंद तर पडत नाही?
३. एकही भाव नसलेला माल घ्यावा. रिकामी यादी यायला हवी.
४. एकाच मालाला पाच-सहा भाव लिहावेत. सगळे येतात काय?
५. दोन ओळींमध्ये मोकळ्या रेघा आणि टीप घालून पाहावे. उत्तर बदलता कामा नये.

यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. कोणत्याही संगणकावरील ब्राउझरमध्ये एफ १२ ही कळ दाबली की बहुधा तपासणीची खिडकी उघडते. कन्सोल या भागात हुकूम लिहून लगेच उत्तर पाहता येते. साध्या कागदावर दहा ओळींची यादी काढून बोटाने चालत गेले तरी अर्धे शिक्षण होते.

शेवटी आम्ही एक गोष्ट सुचवली, जिचा भाषेशी संबंध नाही. भाव बदलण्याआधी पानाने सांगावे, "खजूर: ३ ओळी बदलतील. बदलू काय?" त्या संध्याकाळी पडद्यावर ३ ऐवजी ७ हा आकडा आला असता, तर चाळीस वर्षे तराजू धरलेल्या मालकांना तो क्षणात खटकला असता. जावास्क्रिप्ट त्यांना येत नाही, पण खजुराचे भाव किती आहेत हे त्यांना झोपेतही सांगता येते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने आपले काम मालकाला तपासता येईल असे ठेवले पाहिजे.

पुतण्याने लहरी चिन्ह काढले, चालण्याची रीत बसवली आणि आकडा दाखवण्याची सोय केली. आता भाव उतरवताना मालक चष्मा पुसून आधी तो आकडा वाचतात, मगच होकार देतात. पेढीचे पान आजही चालू आहे, आणि पानाचे काम पुतण्याकडेच आहे.